चाळिसाव्या पानावर मरणारा डॉक्टर : वैद्यकीय थरारकथा आणि लॅटिन अमेरिकेचे शास्त्रज्ञ

निळीशाई

वाचनालयातून आणलेली एक भाषांतरित वैद्यकीय थरारकादंबरी परवा अर्ध्यावर मिटून ठेवली. कंटाळा नाही, राग आला. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात अनोळखी ताप येतो, गावं ओस पडतात. तिथल्या ज्या डॉक्टरने पहिल्यांदा रक्त तपासलं, पहिल्यांदा धोक्याचा निरोप धाडला, तो चाळिसाव्या पानावर मरतो. मग अमेरिकेहून विमानाने नायक उतरतो आणि उरलेली साडेतीनशे पानं त्याची. हा साचा इतक्यांदा वाचलाय की चाळिसावं पान जवळ आलं की त्या डॉक्टरसाठी माझ्या पोटात कालवतं.

मी एकवीस वर्षं प्रयोगशाळेत रक्ताचे स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेले रक्ताचे थेंब, पाहिले. आजार आधी कुणाला दिसतो ते मला माहीत आहे. तो तिथे खुर्ची टाकून रोज बसणाऱ्याला दिसतो. म्हणून ठरवलं, त्या चाळिसाव्या पानावरच्या माणसालाच नायक करून दीर्घकथा लिहायची. तयारीसाठी वाचायला लागले आणि खऱ्या माणसांनीच मला धरून ठेवलं.

पहिले कार्लोस फिनले. क्यूबातले डॉक्टर, जन्म १८३३ चा. वडील स्कॉटिश, आई फ्रेंच, बोलताना जीभ अडखळायची. हवानामध्ये पीतज्वराने दरवर्षी माणसं मरत होती. कावीळ, मग काळी उलटी, मग शेवट. सगळे म्हणत होते की दूषित कपडे, अंथरूण, घाण हवा यांतून तो पसरतो. १४ ऑगस्ट १८८१ ला फिनले यांनी हवानाच्या अकादमीत निबंध वाचला आणि एका विशिष्ट डासावर बोट ठेवलं. आज आपण त्याला एडिस इजिप्ती म्हणतो. आपल्याकडे कूलरच्या पाण्यात आणि गच्चीवरच्या टायरमध्ये वाढणारा, पायावर पांढरे पट्टे असलेला, डेंग्यूचा डास तो हाच. सिकंदराबादला ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला तो १८९७ साली. म्हणजे सोळा वर्षांनी.

फिनले यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. एक-दोन नव्हे, एकोणीस वर्षं. त्या काळात ते रुग्ण तपासत राहिले आणि डासांवरचे प्रयोगही करत राहिले. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या हाताखाली अमेरिकन सैन्याचं वैद्यकीय मंडळ हवानात आलं, तेव्हा या म्हाताऱ्याने आपल्याकडची डासांची अंडी त्यांच्या हातात दिली. मंडळातले तरुण डॉक्टर जेसी लझीर २५ सप्टेंबर १९०० ला पीतज्वरानेच गेले. पुढे डास निर्मूलन झालं, हवाना पीतज्वरमुक्त झालं, आणि जगभरच्या पुस्तकांत नाव मोठं झालं ते रीड यांचं. फिनले यांचं नाव नोबेलसाठी सात वेळा सुचवलं गेलं, मिळालं एकदाही नाही.

आता माझी अडचण. यात पाठलाग नाही, बंदूक नाही. एक माणूस एकोणीस वर्षं बरोबर आहे, एवढंच आहे. मला वाटतं याच्याइतका थरार दुसरा नाही, पण ते कागदावर उतरत नाहीये. तुम्ही अशी गोष्ट वाचाल का? आणि असे आणखी कोण ठाऊक आहेत?

रानमेवा

वाखुसा (वाचनखूण साठवली). फिनले हे नाव आज पहिल्यांदा वाचलं, याचंच वाईट वाटतंय.

चौथाकोपरा

विषय आवडला, पण वाचक म्हणून स्पष्ट सांगतो. मी थरारकथा घेतो ती रात्री झोप उडावी म्हणून. "त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही" यावर तीनशे पानं ओढता येत नाहीत. खलनायक हवा. औषध कंपनी, लष्कर, निदान एखादा विकला गेलेला सहकारी तरी हवाच. शिवाय फिनले बरोबर होते तर त्यांच्या प्रयोगांनी ते सिद्ध का झालं नाही? तुमच्या लेखात हा दुवा गळलाय, आणि गोष्टीतही गळला तर वाचक तिथेच पुस्तक ठेवेल.

घाटमाथा

मी हिवताप विभागातून निवृत्त झालो. चौथाकोपरा यांनी विचारलेला प्रश्न हाच या गोष्टीचा खरा पेच आहे, आणि त्याचं उत्तर डासाच्या पोटात आहे.

डासाने रुग्णाला चावलं आणि लगेच दुसऱ्याला चावलं, तर काही होत नाही. विषाणू आधी डासाच्या आतड्यात वाढतो, मग अंगभर पसरून लाळेच्या ग्रंथीपर्यंत पोचतो. उष्ण हवेत याला साधारण दहा-बारा दिवस लागतात. तोवर तो डास निरुपद्रवी. दुसरी अट अशी की रुग्णाच्या रक्तात विषाणू सापडतो तो आजाराच्या पहिल्या तीनेक दिवसांतच. त्यानंतर चावलेला डास कधीच धोक्याचा होत नाही. फिनले यांनी सुमारे शंभर स्वयंसेवकांना डास चाववून पाहिले, पण बहुतेक डास फार लवकर वापरले. निकाल कधी असा, कधी तसा. विरोधकांना तेवढं पुरलं.

हा कालावधी दाखवून दिला हेन्री कार्टर या अमेरिकन डॉक्टरने. १८९८ साली मिसिसिपीतल्या छोट्या वस्त्यांत तो घरोघर फिरला आणि तारखा लिहून काढल्या. घरात पहिला रुग्ण आला की पुढचे रुग्ण लगेच येत नव्हते, मध्ये दोन-तीन आठवडे जात होते. मग हे दिवस ताप कुठे लपून बसतो? फिनले यांच्याकडे डास होता, कार्टरकडे दिवस होते. दोन्ही एकत्र आले आणि कोडं सुटलं.

निळीशाई, आम्ही फॉगिंगला जायचो तेव्हा लोक म्हणायचे, "साहेब, रुग्ण बरा होऊन घरी आला, आता कशाला धूर करताय?" मी त्यांना हेच सांगायचो. रुग्ण घरी आला, पण त्याला चावलेली डासाची मादी अजून त्याच घरात आहे आणि तिचे दिवस आता भरताहेत. तुमच्या कथेतलं घड्याळ हे आहे. बॉम्बचं घड्याळ लेखकाला लावावं लागतं, हे आपोआप चालू असतं.

निळीशाई

घाटमाथा, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून घरात दोन फेऱ्या मारल्या. बारा दिवस! मी फिनले यांचं दुःख लिहीत बसले होते. त्यांची चूक लिहायला हवी होती. उत्तर बरोबर, वेळ चुकीची.

कोकणकिनारा

इथे ग्रामीण भागात दवाखाना चालवतो, त्यामुळे माझा माणूस सापांचा. व्हितल ब्राझील. होय, देशाचं नावच आडनाव. हा डॉक्टर साओ पावलो राज्यात रुग्ण तपासत होता आणि कॉफीच्या मळ्यांवरचे मजूर साप चावून त्याच्यासमोर मरत होते. त्याच सुमारास फ्रान्सच्या काल्मेत यांनी नागाच्या विषावर लस (साप चावल्यावर टोचायचं प्रतिविष) काढली होती आणि ती सगळ्या सापांवर चालेल असा बोलबाला होता. व्हितल ब्राझील यांनी ती जराराका आणि ब्राझीलच्या खुळखुळ्या सापाच्या विषावर वापरून पाहिली. उपयोग शून्य. ज्या सापाचं विष, त्याचीच लस लागते, हे त्यांनी दाखवलं. १९०१ साली सुरू झालेल्या बुतांतान संस्थेचे ते पहिले संचालक. विष काढायला साप आणायचे कुठून? शेतकऱ्यांनी साप जिवंत धरून लाकडी पेटीत घालायचे आणि रेल्वेने संस्थेकडे पाठवायचे, बदल्यात संस्था त्यांना लस देणार. कल्पना करा, मालडब्यात सापांच्या पेट्या आणि पेटीमागे एका गावाचा जीव. चौथाकोपरा, झोप उडायला एवढं पुरे आहे.

हे मला इतकं जवळचं का, तर आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर बनते. फुरसं चावलेला माणूस दाराशी येतो आणि हिरड्यांतून रक्त वाहत असतं, तेव्हा "कुठला साप?" हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. आणि चाळिसाव्या पानावरच्या डॉक्टरबद्दल म्हणाल तर आपल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवा. लाल विंचवाने मुलं दगावत होती, तेव्हा रक्तदाबाची प्राझोसिन ही गोळी विंचूदंशावर वापरायचं त्यांनी ठरवलं आणि रुग्णाच्या उशाशी बसून त्याचं टिपण ठेवलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं काम छापून आलं ते महाडहून. बाहेरून विमानाने कुणी आलं नव्हतं.

अवांतर : त्याच जराराका सापाच्या विषात ब्राझीलच्या सेर्जियो फेरेरा यांना १९६५ मध्ये एक घटक सापडला. त्यातून पुढे कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध तयार झालं, आणि ते घडवणाऱ्या दोन मुख्य रसायनशास्त्रज्ञांपैकी मिगेल ओंदेत्ती हे मूळचे अर्जेंटिनाचे. ज्यांच्या घरी रामिप्रिल, एनालाप्रिल अशा 'प्रिल'वाल्या गोळ्या आहेत, त्यांनी हे घरात सांगा. त्या घराण्याचा मूळपुरुष साप आहे.

मेघना_टेक्सास

माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी मैत्रीण कोलंबियाची आहे, आणि शास्त्रज्ञ आहे. एकदा म्हणाली, "कथांमध्ये मी एक तर रुग्ण असते, नाही तर मोलकरीण." निळीशाई, तुमचा धागा मी तिला तोंडी भाषांतर करून सांगितला. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, फ्रान्सिस्को लोपेरांबद्दल लिही. म्हणून हे तिच्या वतीने.

लोपेरा कोलंबियातल्या मेडेयिन शहराचे मेंदूविकारतज्ज्ञ. १९८० च्या दशकात त्यांच्याकडे अँतिओकियाच्या डोंगरातले रुग्ण येऊ लागले. चाळिशी-पंचेचाळिशीतली माणसं, आणि म्हाताऱ्यांसारखा विसर. गावात त्याला 'ला बोबेरा' म्हणत, म्हणजे बावळटपणा. घराण्याला शाप आहे असंही म्हणत. लोपेरा आणि त्यांच्या सहकारी परिचारिका घरोघर गेल्या, चर्चच्या जन्म-मृत्यूच्या वह्या चाळल्या, वंशवृक्ष मांडत गेल्या. शाखा जुळत जुळत हजारो माणसांचं एकच कूळ निघालं आणि त्यात एकाच जनुकातला एकच बदल. हे सगळं केव्हा, तर मेडेयिनमध्ये अमली पदार्थांच्या टोळ्या रस्त्यावर माणसं मारत होत्या आणि डोंगरात बंडखोर होते तेव्हा. चौथाकोपरा यांना बंदूक हवी होती ना, ती इथे आहे. पण ती पार्श्वभूमीला आहे.

आणि कलाटणी ऐका. त्या कुळातली एक बाई, जनुकात तोच बदल, पण चाळिशी गेली, पन्नाशी गेली, साठी गेली तरी स्मृती शाबूत. अपेक्षेपेक्षा तीसेक वर्षं उशिरा विसर सुरू झाला. २०१९ मध्ये कारण प्रसिद्ध झालं. तिच्यात आणखी एक दुर्मीळ जनुकबदल होता आणि तो तिला आई-वडील दोघांकडून आलेला होता. हजारो शापितांच्या कुळात एका बाईच्या शरीराने स्वतःच उतारा शोधलेला. लोपेरा सप्टेंबर २०२४ मध्ये गेले. मैत्रीण त्या दिवशी कामावर आली नव्हती. ते कूळ तिच्या आजोळच्या जवळचं आहे.

ओसरी

सगळे प्रतिसाद एका दमात वाचले. माझा हट्ट पेरूच्या दानियेल अल्सिदेस कारियोन याच्यासाठी. वैद्यकीचा विद्यार्थी, वय २८. लिमाहून ला ओरोयाला जाणारा रेल्वेमार्ग अँडीज फोडून नेत होते, आणि १८७० च्या दशकात त्या कामावरचे मजूर तापाने पांढरेफटक पडून मरत होते. रक्तच नाहीसं व्हायचं. त्याच दऱ्यांमध्ये एक वेगळा, जुना, तसा सौम्य आजार होता. अंगावर लाल चामखिळी उठत. कारियोनला वाटायचं की यांचा एकमेकांशी संबंध तपासायला हवा.

२७ ऑगस्ट १८८५. लिमाच्या दोस दे मायो रुग्णालयात त्याने एका मुलाच्या चामखिळीतला स्राव स्वतःच्या दंडात टोचून घेतला. एकवीस दिवस काही नाही. मग ताप. चामखिळी उठल्याच नाहीत, आला तो रेल्वेवाला जीवघेणा ताप. तो स्वतः नोंदी लिहीत होता. हात चालेना तेव्हा मित्र लिहू लागले. ५ ऑक्टोबरला तो गेला. दोन आजार एकच आहेत, हे त्याच्या मृत्यूने दाखवलं. पेरूमध्ये तो दिवस आजही वैद्यक दिन आहे.

पण माझ्या दृष्टीने थरार यापुढे आहे. १९१३ साली हार्वर्डहून मोहीम आली आणि त्यांनी निष्कर्ष काढला की हे दोन वेगळे आजार आहेत, कारियोन चुकला. जीव देऊन मांडलेलं सत्य बाहेरून आलेल्यांनी पुसलं. १९२० च्या दशकात नोगुची या जपानी शास्त्रज्ञाच्या प्रयोगांनी ते पुन्हा जागेवर आलं. वाचकाला हे सगळं आधीपासून माहीत आहे आणि पानावरच्या मोठ्या माणसांना माहीत नाही, असं लिहा. मी रात्रभर जागेन.

आपल्या बोरघाटात लोहमार्ग बांधताना पटकी-तापाने मेलेल्या मजुरांची आठवण येत राहिली. त्यांचा कारियोन कोण होता, असा प्रश्न पडतो.

चौथाकोपरा

खलनायकाची मागणी मी मागे घेतो. हार्वर्डवाला भाग वाचून खरोखर अंगावर काटा आला. पण ओसरी, एक खटकतं. जीव देणाऱ्याचं इतकं कौतुक करावं का? विद्यार्थ्याला टोचायला मदत करणाऱ्या डॉक्टरचं पुढे काय झालं? आणि फिनले, रीड यांनी ज्यांना डास चाववले ती माणसं कोण?

ओसरी

रास्त प्रश्न. टोचताना हजर असलेल्या डॉक्टरवर खुनाचा आळ आला होता. रीड यांच्या छावणीत स्वयंसेवकांत स्पेनहून नुकतेच आलेले गरीब स्थलांतरित होते. त्यांच्याशी लेखी करार झाला, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत. शंभर डॉलर सोन्यात, आणि ताप आला तर आणखी शंभर. त्या काळाच्या मानाने लेखी संमती घेणं हे पुढचं पाऊल होतं. पण शंभर डॉलरसाठी मृत्यूची शक्यता घेणारा माणूस किती मोकळेपणाने हो म्हणतो? कथेत त्या स्थलांतरितालाही एक प्रकरण द्या.

मांडवी

मी पणजीची. वर कुणीच कार्लोस चागास यांचं नाव घेतलं नाही याचं नवल वाटलं. पोर्तुगीज उच्चार शागास. आमच्या घरी आजीला पोर्तुगीज येत होतं, म्हणून या गोष्टीतला एक शब्द मला फार लागतो.

१९०७ मध्ये शागास यांना मिनास जेराइस राज्यात लासान्स या ठिकाणी पाठवलं. तिथेही रेल्वेचंच काम आणि मजुरांना हिवताप. ते रेल्वेच्या डब्यात राहायचे, तिथेच प्रयोगशाळा. एका अभियंत्याने त्यांना एक किडा दाखवला, ढेकणाच्या गोत्रातला पण मोठा. मातीच्या भिंतींच्या भेगांत दिवसा लपतो, रात्री झोपलेल्याच्या चेहऱ्यावर चावतो. लोक त्याला 'बार्बेयरू' म्हणत, म्हणजे न्हावी, आमचा म्हालो. चेहऱ्यावर काम करतो म्हणून. शागास यांनी त्याचं आतडं सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि वळवळणारे परजीवी दिसले. रिओला आपले वरिष्ठ ओस्वाल्दो क्रूझ यांच्याकडे किडे पाठवले, तिथली माकडं आजारी पडली. म्हणजे परजीवी मिळाला, वाहक मिळाला, फक्त आजार कोणता ते ठाऊक नाही! मग ते घरोघर तो आजार शोधत हिंडले. १४ एप्रिल १९०९ ला बेरेनिसी नावाच्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात तो परजीवी सापडला. थरारकथेत प्रेत आधी असतं आणि खुनी मागून सापडतो. इथे खुनी आधी पकडला आणि मग तो कुणाला मारतोय हे शोधलं.

त्यांनाही पुढे रिओच्याच वैद्यक अकादमीत विरोध झाला. हा आजार एवढा पसरलेला नाहीच, असं स्वतःच्या देशातले लोक म्हणाले. परके तेवढेच अविश्वास दाखवतात असं नाही. ते १९३४ मध्ये गेले. बेरेनिसीने सत्तरी ओलांडली. साठच्या दशकात तिला पुन्हा तपासलं तेव्हा तो परजीवी तिच्या रक्तात होताच, आणि हृदय ठीक होतं.

मेघना_टेक्सास

मांडवी, इथे २००७ पासून रक्तपेढीत दात्याचं रक्त चागास आजारासाठी तपासतात. मी पहिल्यांदा तो शब्द तिथल्या कागदावर वाचला होता. वर्षानुवर्षं काही लक्षण नसतं आणि मग काही जणांचं हृदय मोठं होऊन अचानक थांबतं. घाटमाथांचं घड्याळ बारा दिवसांचं, हे तीस वर्षांचं.

घाटमाथा

'ला बोबेरा'पासून ते म्हाल्यापर्यंत, लोकांनी ठेवलेलं नाव कधीच वाया जात नाही. तपासायला गेलं की आधी गावाला विचारायचं, तुम्ही याला काय म्हणता.

निळीशाई

दोन दिवस धाग्यावर आले नाही कारण लिहीत होते. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. फिनले, कारियोन, शागास यांना मी कथेतून काढलं. ते खरे आहेत, त्यांच्या तोंडी माझे संवाद घालायला हात धजत नाही. नायिका काल्पनिक आहे, बोलिव्हियातल्या लहान रुग्णालयातली रक्त तपासणारी बाई. नाव अजून ठरत नाहीये. मेघना, तुमच्या मैत्रिणीने सुचवलं तर आनंद होईल. सुरुवात इथे टाकते.

"ताप आलेल्या घरांची यादी तिने तिसऱ्यांदा लिहून काढली. या वेळी नावांनी नाही, तारखांनी. पहिलं घर, चार तारीख. दुसरं घर, एकवीस. तिसरं, बावीस. मधल्या दिवसांत कुणीही आजारी पडलं नव्हतं, कुणी गावात आलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं. राजधानीतून आलेला माणूस म्हणाला, साथ संपली, गाड्या परत न्या. तिने खिडकीबाहेर पाहिलं. कालच्या रुग्णाच्या घरी आज पाहुणे जमले होते, दारं सताड उघडी होती, पोरं अंगणात झोपायची तयारी करत होती. तिने पेन्सिलीने आजच्या तारखेपुढे आकडा लिहिला : एक."

चौथाकोपरा

मी आत्ता नकळत बोटांवर दिवस मोजले. पु.भा.प्र. (पुढील भागाच्या प्रतीक्षेत)

कोकणकिनारा

पु.भा.प्र. तिला चाळिसाव्या पानापलीकडे न्या.

मेघना_टेक्सास

मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती म्हणते, नाव तिच्या आजीचं द्या. कोणतं, ते तुम्हाला व्यक्तिगत निरोपात कळवते.